कणीक तिच्या हातात दे

वाई
होळीनंतरचा रविवार

प्रिय भाचेबाई,



तुझा निरोप वाचला, फोटोही पाहिले. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये शाळापूर्व तयारीचा क्लास निघालाय, एप्रिल-मे रोज दीड तास. त्यात इंग्रजी मुळाक्षरं गिरवणं, एक ते पन्नास आकडे, रंग, आकार आणि वर ‘इंटरव्ह्यूची तयारी’. शेजारपाजारची सगळी मुलं जाणार, आपली छकुली एकटीच राहिली तर जूनमध्ये मागे पडेल का, असं तू विचारलंस. फोनवर मी ‘नको’ एवढंच म्हटलं, ते तुला तुसडं वाटलं असणार. म्हणून आता बैठक मारून लिहिते आहे. जावईबापूंनाही वाचून दाखव. त्यांना मराठी वाचायचा कंटाळा आहे, ऐकायचा नाही.

क्लास लावू नकोस. पैसे वाचावेत म्हणून हे सांगत नाही. ते दोन महिने छकुलीला घरात हवे आहेत. शाळेचा अभ्यास घरी आणण्यापेक्षा घरातलं काम तिच्या हाती दे. बालवाडीत होते तेव्हा येणाऱ्या प्रत्येक आईला मी हेच सांगायचे, आणि हेच कोणाला पटायचं नाही. त्यात विकत आणण्यासारखं काही नसतं ना!

आधी लिहिण्याचं बोलू, कारण तुझ्या फोटोंत टिंबाटिंबांवरून गिरवायचे कागदच जास्त होते. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यातलं एकही दिसत नाही, तिथे तेव्हा नुसती मऊ कूर्चा असते. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडं धरू लागतात, तिसरं दिसतं ते मूल दोन-तीन वर्षांचं झाल्यावर, आणि असं करत सातवं दिसेपर्यंत पाच-सहा वर्षं जातात. आठवं वाटाण्याएवढं असतं, ते तर आठव्या वर्षानंतर कधीतरी उगवतं. मनगटाच्या एक्स-रेवरून डॉक्टर हाडांचं वय ठरवतात ते यामुळेच. छकुली चार वर्षांची होतेय, म्हणजे तिचं मनगट अजून निम्मंअर्धंच घडलंय. त्या मनगटाला आपण चार रेघांच्या वहीत, रेघेबाहेर न जाता ‘बी’ काढायला लावतो. मग ती पेन्सिल मुठीत धरते, अख्खा हात खांद्यापासून फिरवते, कागद फाटेपर्यंत दाबते आणि पाच मिनिटांत उठून जाते. आपण म्हणतो, हिचं लक्ष नाही. लक्ष असतं गं, हात दुखत असतो.

लिहिणारा हात खांद्यापासून खाली तयार होत येतो. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, बोटं सगळ्यात शेवटी. म्हणून बागेत लोंबकळू दे, शिडी चढू दे, ओली बादली दोन्ही हातांनी ओढत नेऊ दे. घरात कणीक मळशील तेव्हा लिंबाएवढा गोळा तिच्यापुढे टाक. ती त्याचे साप करील, लाडू करील, चार वेळा जमिनीवर पाडील. पाडू दे, त्या गोळ्याची पोळी करायची नाहीच आहे. मटार सोलायला बसव. शेंगेची शीर अंगठ्याने दाबून उघडायची आणि दाणे एकेक करून काढायचे, यात अंगठा आणि पुढची दोन बोटं जशी एकत्र येतात, तशीच ती पुढे पेन्सिलीवर यायची असतात. लसणाची सालं, भुईमुगाच्या शेंगा, कोथिंबिरीची पानं खुडणं, सगळं त्याच जातीचं. दोरीवर रुमाल वाळत घालून चिमटे लावायला सांग. चिमटा उघडायला केवढा जोर लागतो ते तिच्या चेहऱ्यावर दिसेल. ओलं फडकं पिळू दे. दारात रांगोळीची चिमूट सोडू दे, ठिपके वेडेवाकडे पडले तरी पुसून पुन्हा घालू नकोस. निदान तिच्यादेखत नको.

खडू द्यायचे तर तुटके दे. अखंड लांब खडू मुठीत मावतो म्हणून मूल तो मुठीत धरतं. बोटभर तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो चिमटीतच येतो. बालवाडीत नवी पेटी आली की मी आधी खडू मोडून ठेवायचे. शिपाईमामांना ते बघवत नसे.

तू म्हणशील, हे सगळं मॉन्टेसरीवाले करतातच की. करतात, आणि त्यांच्या सामानाची यादी तू पाहिली आहेस. पाणी ओतायचे दोन छोटे चंबू, बटणं लावायची चौकट, पळीने दाणे भरायचा ट्रे. यातली एकही वस्तू तुझ्या घरात नाही असं नाही. तुझ्या आजीच्या परकर-पोलक्याला हूक होते, नाडी होती, आम्ही त्यावरच शिकलो.

हा सामानाचा पेच जुना आहे. मादाम मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीत पहिलं बालगृह काढलं, ते गरिबांच्या मुलांसाठीच. पण पद्धत आपल्याकडे येईपर्यंत तिची साधनं महाग होऊन बसली आणि बालशाळा शहरातल्या खात्यापित्या घरांपुरत्या उरल्या. ताराबाई मोडकांना हेच खुपलं. त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर दक्षिणामूर्तीच्या बालमंदिरात काम करून आलेल्या. १९४५ साली त्या आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या बरोबर उभ्या राहिल्या. त्या दोघींनी शिंपले, खडे, बिया, पानं, मातीची भांडी हीच साधनं केली. शिंपल्यांनी मोजायचं, पानांनी आकार शिकायचे, बियांच्या ओळी लावायच्या. वारली पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायचं असे, गुरं वळायची असत. तेव्हा या बायका उठून पाड्यात गेल्या आणि तिथल्याच अंगणात मुलं जमवून बसल्या. अंगणवाडी ती हीच. मुलं गुरांमागे गेली तर शाळाही कुरणात न्यायची, तिला त्या कुरणशाळा म्हणत. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. पुढे १९७५ च्या गांधीजयंतीला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर झाली. आता देशातल्या कुठल्याही गावी जा, तो शब्द सापडतो. मात्र शिंपले आणि बिया वाटेत कुठेतरी राहून गेल्या आणि तक्ते भिंतीवर आले. असो, तो वेगळ्या भांडणाचा विषय आहे.

तुला सांगायचं ते एवढंच की त्या दोघींनी दारिद्र्यात जे शोधलं ते तुझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आयतं आहे. फक्त ते वापरायला वेळ लागतो. तुम्ही दोघंही नोकरीवाले, सकाळी सव्वासातला छकुलीला मटार सोलायला बसवणं शक्य नाही हे मला कळतं. रोज नको. संध्याकाळची वीस मिनिटं आणि रविवारची सकाळ पुरे. आणि दिवसभर तिच्याजवळ असतात त्या मावशींना विसरू नकोस. त्या भाजी निवडताना तिला शेजारी बसवतात का, तिच्याशी बोलतात का, की टीव्ही लावून देतात? तू त्यांना ‘तिला कामात घ्या, सांडलं तरी मी काही म्हणणार नाही’ असं स्वतःच्या तोंडाने सांग. मालकिणीने सांगितल्याशिवाय कुठलीही बाई तुझ्या स्वच्छ ओट्यावर पोरीला पीठ सांडू देणार नाही.

आता बोलण्याचं. वाचणं डोळ्यांनी होतं असं आपल्याला वाटतं, पण सुरुवात कानाने होते. ‘कमळ’, ‘कणीस’ आणि ‘कपाट’ यांच्या तोंडी एकच आवाज आहे, हे ज्या मुलीच्या कानाला कळलंय, तिला पुढे ‘क’ हे अक्षर दाखवलं की ते कशाचं चित्र आहे हे चटकन समजतं. जिच्या कानाला ते कळलेलं नाही, तिच्यासाठी ‘क’ म्हणजे नुसती वेडीवाकडी रेघ. ती पाठ होते आणि दुसऱ्या दिवशी विसरते. यासाठी पुस्तक लागत नाही. गाडीत बसल्यावर भेंड्या लावा. ‘प’ने सुरू होणारी खायची वस्तू सांग, पोळी, पेरू, पापड. आधी तू सांग, मग ती. टाळी वाजवत शब्द तोडा: का-क-डी, तीन टाळ्या, ब-टा-टा, तीन टाळ्या, भात, एकच टाळी. बडबडगीतं म्हणा. यमक जुळवून खोटे खोटे शब्द बनवा, त्यावर ती जितकी हसेल तितका कान तयार होतोय असं समज. आपडी-थापडी ही आपल्या पणजीपासून चालत आलेली गंमत, तिला कोणी अभ्यासक्रम म्हणत नाही एवढंच.

एक गोष्ट मात्र तुला स्पष्ट सांगते, राग आला तर येऊ दे. गेल्या वेळी आलीस तेव्हा तू तिच्याशी ‘वॉश हँड्स बेबी’, ‘ईट फास्ट’, ‘नो टचिंग’ असं बोलत होतीस. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे म्हणून सवय लावतेस, कळलं. पण त्या इंग्रजीत फक्त हुकूम आहेत गं. तुला स्वतःला गोष्ट सांगायची असते, भांडायचं असतं, काल काय झालं ते रंगवून सांगायचं असतं, तेव्हा तू मराठीत येतेस. मुलीच्या वाट्याला तुझी तीच भाषा यायला हवी, जिच्यात ‘का’, ‘म्हणून’, ‘नाहीतर’, ‘तरीपण’ आपोआप येतात. विचार करायला हेच शब्द लागतात आणि ते हुकमांत सापडत नाहीत. जावईबापूंनी तिच्याशी कानडीत बोलावं, बिनधास्त. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. धारवाडच्या आजीशी कानडी आणि वाईच्या आत्याशी मराठी, कोणाशी काय बोलायचं ते ती स्वतः ठरवते, मी पाहिलंय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं लिहिलंय. तुमच्या भागातल्या शाळांनी ते किती वाचलंय ते तूच बघ. शाळेची इंग्रजी शाळा देईल. घरची भाषा शाळेला देता येत नाही.

आणि तिला बोलतं करायचं म्हणजे परीक्षा घ्यायची नाही. ‘हा कुठला रंग? हा कुठला प्राणी? सांग बरं मामाला’ हे बंद कर. ज्याचं उत्तर तुला माहीत आहे ते ती कशाला सांगेल? तू कामावरून आलीस की तुझ्या दिवसातलं काहीतरी तिला सांग, लिफ्ट बंद पडली, डबा सांडला. मग ती तिचं सांगेल. सांगताना क्रम चुकेल, शेवट आधी येईल, एका मांजराची तीन मांजरं होतील. मध्येच दुरुस्त करू नकोस. ‘मग?’ एवढंच म्हण. गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगता येणं हे अक्षर ओळखण्यापेक्षा अवघड काम आहे आणि पुढच्या सगळ्या वाचनाचा भार त्याच्यावर असतो.

पुस्तकं मी वेगळी पाठवते आहे, पार्सल बुधवारपर्यंत मिळेल. माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच त्यात आहे. त्यातली आई, बाबा, आजी अगदी आपल्या घरातली वाटतात, म्हणून मला तो आवडतो. एकच पुस्तक ती रोज रात्री मागेल. कंटाळू नकोस, किंवा कंटाळलीस तरी वाच. तेराव्या वेळी ती पान उलटायच्या आधी पुढचं वाक्य म्हणेल. बोट शब्दांखालून फिरव, पण ‘हे कुठलं अक्षर’ असं विचारून गोष्टीचा मुडदा पाडू नकोस.

आकड्यांचं थोडक्यात. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारी मुलं मी खूप पाहिली. त्यांतल्या बऱ्याच जणांना ‘चार बिस्किटं आण’ म्हटलं की मूठभर आणायची. म्हणणं आणि मोजणं वेगळं. एका वस्तूला एकच आकडा, कुठलीही वस्तू सुटता कामा नये, कुठलीही दोनदा मोजता कामा नये, आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळ्या मिळून किती, या चार गोष्टी एकत्र जमल्या की मोजणं आलं. जेवायला किती जण आहोत, तेवढ्या वाट्या मांड, हे तिला रोज करू दे. पाहुणा आला तर एक वाढवायची, बाबा उशिरा येणार असला तर एक काढून ठेवायची. दहाच्या आत हे पक्कं झालं तर पन्नासची घाई कशाला?

विसाच्या पुढची मराठी तर मुलांची परीक्षाच बघते. लिहिताना आधी दोन मग एक, बोलताना आधी एक मग वीस. एकोणतीस म्हणताना तिसाचं नाव घ्यायचं आणि लिहायचा मात्र विसातला आकडा. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असंही वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतंय ना? विधानसभेपर्यंत गेलं. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर, स्वतः गणितज्ञ. त्या शांतपणे सांगत होत्या की लहान मुलांना जोडाक्षरांचे आणि उलट्या क्रमाचे हे शब्द जड जातात, जुने शब्द आम्ही काढलेले नाहीत. ऐकून कोण घेतंय! ज्यांनी तेव्हा विनोद केले त्यांनी पहिलीच्या वर्गात एक आठवडा बसायला हवं होतं, एकवीस सांगितले की बारा लिहिणारी मुलं त्यांना ओळीने दिसली असती.

आता जूनमध्ये खरोखर अडतं कुठे ते सांगते. अक्षरांवर फारसं कोणी अडत नाही. अडतं शूच्या वेळी. नवी घट्ट जीन्स, वर पट्टा, त्याचं बक्कल, आणि बाईंना सांगायची लाज. पहिल्या महिन्यात जी मुलं रडतात त्यांतली बरीचशी याच भीतीने रडतात. म्हणून इलॅस्टिकची चड्डी घाल, आणि ‘मला शूला जायचंय’ हे वाक्य अनोळखी माणसाला मोठ्याने सांगायची सवय कर. हॉटेलात गेलात की वेटरकाकांना तिलाच विचारू दे. डबा उघडणं आणि बंद करणं घरी चार वेळा करून घे. दुकानात छान दिसणारे कड्यांचे डबे मोठ्या माणसालाही उघडत नाहीत. पहिले काही आठवडे डबा असा दे की तो हाताने खाता येईल आणि सांडला तरी चालेल. चप्पल डावी-उजवी, नाक पुसणं, बाटलीचं झाकण लावणं, स्वतःचं दप्तर स्वतः उचलणं. तुला घाई असते तेव्हा तू हे सगळं तिच्यासाठी करून टाकतेस. घरातून दहा मिनिटं आधी निघालीस तर ती स्वतः करील.

वेळेचा विषय निघाला म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला दहा ते तेरा तास झोप, तीन तास हालचाल आणि पडद्यासमोर जास्तीत जास्त एक तास, तोही कमी तर बरा, असं म्हटलंय. छकुली रात्री अकराला झोपते. आपल्या राज्यात २०२४ साली पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा सरकारी निर्णय निघाला, त्यामागे मुलांची अपुरी झोप हेच कारण होतं. तुमची शाळा तो पाळते का ते विचारून घे. पाळत असली तरी अकराची झोप चालणार नाही. मेच्या मध्यापासून दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आण. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री एकदम नऊला झोपवायला जाशील तर तिघंही रडाल.

पहिल्या दिवशी तिची नजर चुकवून पळून येऊ नकोस. पुष्कळ पालक असं करतात आणि बायाही त्यांना तसंच सुचवतात, ‘तुम्ही जा, ती गप्प होईल’. गप्प होते, पण दुसऱ्या दिवसापासून तुझा पदर सोडत नाही, कारण आई न सांगता नाहीशी होते हे तिने पाहिलेलं असतं. सांगून जा. ‘डबा खाऊन झाला, गाणी झाली, की मी फाटकाशी असेन’ असं सांग आणि त्या वेळी खरोखर फाटकाशी उभी राहा. तिला घड्याळ कळत नाही, पण डब्यानंतर गाणी आणि गाण्यांनंतर आई हा क्रम कळतो. आणि ‘मस्ती केलीस तर शाळेत बाई मारतील’ हे वाक्य तुझ्या सासूबाई म्हणतात असं तूच सांगितलंस. त्यांना गोड बोलून थांबव. ज्या जागी पोरीला पुढची पंधरा वर्षं जायचंय ती जागा जाण्याआधीच भुताची करायची काय?

राहिला तो इंटरव्ह्यू. यशपाल समितीने १९९३ च्या अहवालातच म्हटलं होतं की बालवर्गाच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात, आणि या वयावर लिहिण्या-वाचण्या-आकड्यांचा मारा करणं ही लहान मुलांवरची हिंसाच आहे. समिती दप्तराच्या ओझ्यावर नेमलेली होती, तरी तिला या वयापर्यंत खाली यावं लागलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई केली, पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड ठेवला. पण तो कायदा सहा ते चौदा वयाचा. बालवर्ग त्याच्या अलीकडे, म्हणून शाळा मुलाखतीला ‘गप्पा’ म्हणतात आणि सुटतात. तर जा गप्पांना. तिने उत्तर दिलं नाही तर टेबलाखालून चिमटा काढू नकोस. उलट तूच त्यांची मुलाखत घे. संडासाची भांडी मुलांच्या उंचीची आहेत का? वाळू, पाणी, माती यांना वर्गात जागा आहे का? बाई मुलांशी बोलताना खाली बसतात की उभ्यानेच? भिंतीवरची चित्रं मुलांची आहेत की सगळी एका साच्यातली? आणि मधल्या सुट्टीआधी वर्गाबाहेर पाच मिनिटं उभी राहून ऐक, कोणाचा आवाज येतोय. पाचही मिनिटं फक्त बाईंचाच येत असेल तर दुसरी शाळा बघ, कितीही नावाजलेली असली तरी.

एक काळजीचं, पण घाबरू नकोस, छकुलीला हे लागू नाही. तुझ्या त्या मैत्रिणीच्या मुलाबद्दल तू लिहिलंयस, चार वर्षांचा झाला तरी दोन शब्दांच्या पुढे जात नाही आणि हाक मारली तर बघत नाही. तिला सांग, ‘मुलगे उशिराच बोलतात’ असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नको. आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ऐकू नीट येतंय का ते तपासून घे, आणि मग बालरोगतज्ज्ञांकडे. याच आठवड्यात. त्याच्यासाठी क्लास निरुपयोगी आहे आणि वाट पाहणं नुकसानीचं.

दादाचा फोन आला होता, मेमध्ये तुम्ही सगळे येताय म्हणाला. येताना छकुलीचे जुने कपडे आण, नवे फ्रॉक आणू नकोस. या वर्षी उन्हाळी भुईमूग केलाय, शेंगा निघाल्या की अंगणात ढीग असेल. तिच्या बाबालाही बसवीन म्हणते.

तुझी
आत्या

ता. क. क्लासवाल्या बाईंना नाही म्हणताना माझं नाव सांगितलंस तरी चालेल.